खोडलेल्या संवादांचा नट

‘मेथड’ पद्धतीचा अभिनय म्हटला की मार्लन ब्रँडोचं नाव निघतं. निघावंच. पण ब्रँडोच्या दोन वर्षं आधी पडद्यावर आलेल्या माँटगोमेरी क्लिफ्टला आपण फार लवकर विसरलो, असं मला वाटतं.

१९२० साली अमेरिकेतल्या ओमाहात जन्मलेला हा मुलगा चौदाव्या वर्षी ब्रॉडवेवर उभा राहिला आणि नाटकातच रमला. हॉलिवूडची बोलावणी येत होती. लांब मुदतीच्या करारात अडकायला तो तयार नव्हता. अखेर १९४८ मध्ये ‘द सर्च’ आणि ‘रेड रिव्हर’ झळकले, पाठोपाठ ऑस्करचं नामांकनही आलं.

१९५३ च्या ‘फ्रॉम हिअर टू इटर्निटी’त त्याने बिगुल वाजवणारा सैनिक केला. आवाज दुसऱ्याच वादकाचा असणार होता, तरी तो बिगुल शिकला. ओठ आणि गळा खोटा दिसता कामा नये, एवढंच कारण. पटकथा हाती आली की तो संवाद वाढवून मागत नसे, उलट स्वतःचेच खोडत असे. दाद घेणारी ओळ कापायला किती जिवावर येतं, ते आम्हा कवींना विचारा!

१२ मे १९५६ च्या रात्री एलिझाबेथ टेलरच्या घरून परतताना त्याची मोटार खांबावर आदळली. चेहरा मोडला. पुढे वेदनाशामक गोळ्या, दारू, आणि १९६६ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी मृत्यू. या दहा वर्षांना हॉलिवूडची सर्वांत लांबलेली आत्महत्या म्हणायची प्रथाच पडली आहे. मला ती मान्य नाही.

१९६१ चा ‘जजमेंट ॲट न्युरेंबर्ग’ पाहा. नाझींनी जबरदस्तीने निर्बीज केलेल्या साक्षीदाराची छोटीशी भूमिका. तीही त्याने मानधन न घेता केली. संवाद लक्षात राहीनात, तेव्हा दिग्दर्शक स्टॅन्ली क्रेमरने सांगितलं की ओळी सोडून दे, स्पेन्सर ट्रेसीकडे पाहून सुचेल ते बोल. वकील त्याला ससा, शिकारी आणि शेत या तीन शब्दांचं वाक्य करायला सांगतो. ते जमत नाही. ओठ थरथरतात, हात हवेत चाचपडतात. कुठलं पात्राचं आणि कुठलं नटाचं, हे शोधण्यात मला रस नाही. तो प्रत्येक वाक्य ज्या कष्टाने ओढून आणतो, ते नुसत्या मोडलेल्या माणसाला जमत नाही. त्यासाठी नटच लागतो.

या भूमिकेने चौथं नामांकन दिलं. बाहुली मात्र त्याच्या हाती कधीच आली नाही. त्या वर्षी ती ‘वेस्ट साइड स्टोरी’च्या जॉर्ज चकिरिसला मिळाली.