मुक्तिवेगाची कुळकथा

मुक्तिवेगाचे गणित अवकाशात जाणाऱ्या अग्निबाणांहून कितीतरी जुने आहे. ते वक्ररेषांच्या अभ्यासातून आले. शंकू वेगवेगळ्या कलाने कापला की विवृत्त, अन्वस्त आणि अपास्त हे वक्र मिळतात, हे ग्रीक गणिती अपोलोनियसने इसवी सनापूर्वीच सविस्तर मांडले होते. त्यांतला विवृत्त बंद, बाकीचे दोन उघडे. 1609 मध्ये केप्लरने मंगळाची कक्षा विवृत्ताकार ठरवली, तर 1638 मध्ये गॅलिलिओने फेकलेल्या दगडाचा मार्ग अन्वस्त असल्याचे दाखवले. आकाशाला एक वक्र आणि जमिनीला दुसरा, अशी वाटणी झाली.

ती न्यूटनने मोडली. 1687 च्या ‘प्रिन्सिपिया’तील सोळाव्या प्रमेयाचा एक निष्कर्ष असा: एखाद्या अंतरावर वर्तुळात फिरायला जो वेग लागतो, त्याच्या सुमारे 1.41 पट, म्हणजे दोनच्या वर्गमुळाइतक्या पट वेग असेल तर मार्ग अन्वस्त. कमी असेल तर विवृत्त, जास्त असेल तर अपास्त. उघड्या मार्गावरची वस्तू परत येत नाही; मुक्तिवेग तो हाच. त्याचे नाव पुष्कळ पुढे रुळले.

केंद्राकडे ओढणारे बल समजावताना न्यूटनने गोफणीचा दाखला दिला आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या रानात ज्वारी हुरड्यात आली की राखणदार माळ्यावर उभा राहून पाखरांवर गोफण चालवतो. सेकंदाला 30 मीटर वेगाने आडवा सुटलेला गोफणगुंडा अन्वस्तावरून गेल्यासारखा दिसतो, पण तो विवृत्तावर असतो. पृथ्वीचे सारे वस्तुमान तिच्या केंद्रबिंदूत एकवटले असते, तर हवेचा अडथळा आणि पृथ्वीचे फिरणे सोडून, तो 6,371 किलोमीटर खाली जाऊन केंद्राला 50 मीटरपेक्षाही जवळून वळसा घालून परत वर आला असता. आडवी येते ती जमीन. या साऱ्या कथेतला हाच भाग सर्वांत विलक्षण आहे: दगड आणि चंद्र यांच्या मार्गांचे कूळ एकच.

वेग वाढवत नेला की सेकंदाला 7.9 किलोमीटरला वर्तुळ होते. 10 ला विवृत्ताचे दूरचे टोक केंद्रापासून सुमारे 25 हजार किलोमीटरवर जाते, 11 ला 1 लाख 87 हजारांवर. 11.2 च्या किंचित अलीकडे ते टोक अनंतात जाते आणि वक्र उघडतो. वाट पृथ्वीला धडकत नसेल, तर दिशा कोणतीही चालते.

हेच गणित मंगळयानाने वापरले. ज्या पीएसएलव्हीने ते नेले, त्या अग्निबाणाच्या मोटारींची आवरणे करमाळ्याच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरच्या कारखान्यात बनत आली आहेत.  5 नोव्हेंबर 2013 ला उड्डाण झाले, पण तो अग्निबाण यानाला थेट मुक्तिवेग देऊ शकत नव्हता. म्हणून विवृत्त टप्प्याटप्प्याने ताणले गेले, दूरचे टोक 1 लाख 92 हजार किलोमीटरपलीकडे नेले आणि 1 डिसेंबरला सुमारे 22 मिनिटे इंजिन चालवून सेकंदाला 648 मीटर वेग वाढवला. विवृत्ताचे अपास्त झाले. 24 सप्टेंबर 2014 ला मंगळाजवळ उलटे करावे लागले: यान अपास्तावरून येत होते, त्याचा वेग सेकंदाला सुमारे 1.1 किलोमीटरने घटवून तो मंगळाच्या मुक्तिवेगाखाली आणला, आणि मंगळाभोवती लांबट विवृत्त तयार झाले.