लग्नाचे शूटिंग : फोटो स्टुडिओपासून सिनेमॅटिकपर्यंत

महाराष्ट्रात लग्नाचे शूटिंग हा धंदा म्हणून उभा राहिला तो १९८० नंतर. त्याची मुळे मात्र फोटो स्टुडिओत आहेत आणि ती बरीच जुनी आहेत. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी एक होते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांचाही मुंबईत फोटोचाच व्यवसाय. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. त्यानंतर सावेदादांनी विलायतेहून कॅमेरा मागवला, १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली आणि १९०१ मध्ये रँग्लर र. पु. परांजपे मायदेशी परतले तेव्हाचे स्वागतही टिपले. चित्रपटातून गोष्ट सांगण्याच्या आधी इथल्या कॅमेऱ्याने समारंभ टिपले, आणि टिपणारा माणूस स्टुडिओवाला होता. लग्नाच्या शूटिंगचा धंदाही पुढे याच घरात वाढला.

तरी लग्नापर्यंत हलते चित्र पोहोचायला ऐंशी वर्षे लागली, कारण फिल्म परवडत नसे. कोडॅकने हौशी लोकांसाठी १६ मिलिमीटरची फिल्म १९२३ मध्ये, ८ मिलिमीटरची १९३२ मध्ये आणि सुपर ८ ही १९६५ मध्ये आणली. संस्थानिक आणि मुंबईतल्या धनिक घराण्यांनी तिच्यावर आपापल्या घरची कार्ये टिपली. पण सुपर ८ चे ५० फुटी रीळ जेमतेम साडेतीन मिनिटे चाले. ते धुऊन येईपर्यंत काय आले आणि काय गेले हे कळत नसे, आणि १९७३ पर्यंत त्यात आवाजही नव्हता. मंगलाष्टकांशिवायचे लग्न बघण्यासाठी एवढा खर्च करणारी घरे थोडीच होती. बाकीच्यांचे लग्न कृष्णधवल फोटोंच्या अल्बमात बसे.

१९८२ च्या एशियाड स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले आणि पाठोपाठ व्हीसीआर घरोघर दिसू लागला; स्वतःचा नसेल तर एका रात्रीपुरता भाड्याने. त्याच सुमारास जगभर कॅमेरा आणि रेकॉर्डर एकाच पेटीत बसवलेले कॅमकॉर्डर बाजारात आले. तीन तासांची व्हीएचएस कॅसेट, ती धुवायची गरज नाही, आवाज सोबतच, आणि बघायचे यंत्र गल्लीत उपलब्ध. गावच्या बाजारपेठेतल्या फोटो स्टुडिओवाल्याने पॅनासॉनिकचा खांद्यावरचा कॅमेरा घेतला आणि पाटीवर ‘व्हिडिओ शूटिंग’ हे शब्द वाढवले.

त्या काळात निवड अशी फारशी नसे. ज्याने घरातल्या मुलांचे शाळेचे फोटो काढले, त्यालाच लग्नाची सुपारी जाई. गिऱ्हाईक विचारी ते एवढेच: लाइट किती, कॅसेट किती, मिक्सिंग धरून भाव सांगितला की वेगळे? पुष्कळ लग्नांत वरपक्ष आणि वधूपक्ष आपापला शूटिंगवाला आणत आणि मुहूर्ताला दोघांची जागेवरून ओढाताण होई.

लाइटचा प्रश्न अगदी खरा होता. व्हीएचएस कॅमेऱ्याला कार्यालयातला उजेड पुरत नसे, म्हणून हजार वॉटचा हॅलोजन हातात उंच धरून एक पोरगा कॅमेऱ्यामागे फिरे आणि दुसरा त्याची वायर सोडवत राही. तो झोत अंगावर आला की शालूतली नवरी घामाघूम होई, गुरुजी डोळे मिचकावत आणि होमाच्या धुरात त्या उष्णतेची भर पडे. मुहूर्ताची वेळ सर्वांत अवघड. कॅमेरा एक आणि क्षणही एक: शेवटचे ‘सावधान’ होते, अंतरपाट दूर होतो, बँड सुरू होतो, चहूकडून अक्षता येतात. शूटिंगवाल्याने नवरीचा चेहरा धरला तर नवरदेव निसटे, नवरदेवाकडे वळावे तर मामा आड येई. शिवाय बोहल्याभोवती फोटोग्राफर आणि लाइटवाले उभे राहिल्याने समोरच्या पाहुण्यांना त्यांच्या पाठीच दिसत. मंगळसूत्र ‘पुन्हा एकदा घाला’ असे सांगण्याची रीत याच दिवसांत पडली, आणि ती अनेक गुरुजींना मनापासून खटकली.

लग्नानंतर मिक्सिंग. दोन व्हीसीआर आणि एक मिक्सर मांडून एका कॅसेटवरून दुसरीवर उतरवायचे, मधे नावे, गाणी आणि इफेक्ट घालायचे: बदामाच्या आकारात नवरा-नवरी, वरून पडणारी फुले, पान उलटावे तसे बदलणारे चित्र. ‘माहेरची साडी’ (१९९१) मधले पाठवणीचे गाणे आणि ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) मधली गाणी गावोगावच्या कॅसेटांत शिरली. प्रत्येक प्रतीला चित्र थोडे फिके होई, त्यामुळे मास्टर कॅसेट कोणाकडे राहणार यावरून घरात रुसवेफुगवेही होत. परदेशातल्या मराठी नातेवाइकांची अडचण आणखी वेगळी होती. भारतातली कॅसेट पाल पद्धतीची, अमेरिकेतला टीव्ही एनटीएससीचा. पोस्टाने गेलेले लग्न तिथे रूपांतर करून घेतल्याशिवाय दिसत नसे.

या तीन तासांच्या कॅसेटला कंटाळवाणी म्हणण्याची पद्धत आहे, पण तो न्याय नव्हे. तिच्यात सीमांतपूजन, रुखवत, कानपिळी, लाजाहोम, सप्तपदी, विहिणींची पंगत आणि मुख्य म्हणजे आहेराची अख्खी रांग असे. आलेला प्रत्येक माणूस वधूवरांशेजारी क्षणभर उभा राही आणि त्याची नोंद होई. ती नोंद साऱ्या गोतावळ्याची होती. कोणाच्या घासाला कोणी कसा उखाणा घेतला, गावाकडची चुलत आजी कशी चालत आली, कोणाने फेटा बांधला होता, हे दुसरीकडे कुठेही लिहिलेले नाही. लग्नविधींच्या अभ्यासकाला आणि घरातल्या पुढच्या पिढीला याहून भरवशाचे साधन सापडणे कठीण.

१९९५ मध्ये मिनीडीव्ही आले आणि नकलेगणिक फिके होण्याचा प्रश्न मिटला. सोनीचे पीडी१५० आणि पीडी१७० हे कॅमेरे बरीच वर्षे लग्नांत चालले. मिक्सिंग व्हीसीआरवरून संगणकावर गेले, कॅसेटच्या जागी व्हीसीडी आणि मग डीव्हीडी हातात पडू लागली. धंद्याचे रूप मात्र तेच राहिले.

ते पालटले २००८ साली कॅननच्या ५डी मार्क टू या फोटोच्या कॅमेऱ्याने. त्याचा मोठा सेन्सर कमी उजेडात काम करी आणि मागचे दृश्य धूसर ठेवून चेहरा उठावदार दाखवी. सलग चित्रण एका वेळी सुमारे बाराच मिनिटांचे होई, म्हणून तुकडे घ्यायची आणि ते जुळवायची सवय लागली. हॅलोजन मागे पडला, पाहुण्यांचे डोळे सुटले. ‘सिनेमॅटिक’ हा शब्द रूढ झाला आणि तीन तासांच्या जागी तीन ते पाच मिनिटांची हायलाइट फिल्म आली. तिच्यात जोडपे मध्यभागी असते आणि गोतावळा धूसर पार्श्वभूमीत. चित्र नि:संशय देखणे झाले, पण आहेराची रांग गेली, हे नुकसान लहान नाही.

ड्रोनची भर २०१३ नंतर पडली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ऑक्टोबर २०१४ मध्ये खासगी ड्रोनला मनाई केली, डिसेंबर २०१८ पासून नियमांसह परवानगी मिळाली आणि २०२१ च्या ड्रोन नियमांनी ती बरीच सुटसुटीत झाली. तरी विमानतळाजवळ आकाश मोकळे नसते. लोहगावच्या हवाई तळामुळे पुण्याच्या मोठ्या भागाला हे लागू पडते. २०२० च्या टाळेबंदीत लग्नाला ५० माणसांचीच मुभा उरली तेव्हा थेट प्रक्षेपण हीच अनेकांची हजेरी ठरली, आणि ती सोय पुढेही टिकली.

आता स्टुडिओ गल्लीतला असावा लागत नाही; कामाचे नमुने मोबाइलवर बघून निवड होते आणि भाव ट्रॅडिशनल, कँडिड, सिनेमॅटिक, प्री-वेडिंग असा तुकड्यांत ठरतो. यात पैसे वाचवायचे म्हणून पहिल्यांदा ट्रॅडिशनल व्हिडिओ गळतो. खरे तर जुन्या कॅसेटचे काम तोच करतो, आणि तो ठेवून ड्रोन गाळणे अधिक शहाणपणाचे. संकलन न केलेले सगळे चित्रण हार्ड डिस्कवर मिळणार का आणि स्टुडिओ ते किती महिने सांभाळणार, हेही आधीच लिहून घ्यावे लागते.

जुन्या कॅसेटांकडे मात्र वेळ थोडा आहे. कोकणच्या दमट हवेत फितीवर बुरशी धरते, आणि फुनाई या जपानी कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवल्यापासून नवा व्हीसीआर मिळत नाही. डिजिटल करून देणारी दुकाने मोठ्या शहरांत आहेत. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात, बुरशी आधी साफ करावी लागते, आणि घरात प्रत व मास्टर दोन्ही असतील तर मास्टरच द्यावी लागते.