जात्यावरची ओवी, ग्रंथातली ओवी

कविसंमेलन संपलं की एखादे रसिक हमखास जवळ येतात आणि कौतुकानं विचारतात, 'तुम्ही मुसलमान असून इतकं चांगलं मराठी कसं लिहिता?' प्रश्नामागे वाईट हेतू नसतो. तरी एसटीनं घरी परतताना तो माझ्या शेजारच्या सीटवर बसलेला असतो. अशा वेळी मला श्रीगोंद्याचे शेख महंमद आठवतात.

सतराव्या शतकातले हे संतकवी सूफींच्या कादरी परंपरेतले. त्यांचे गुरू चांद बोधले. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हेही चांद बोधल्यांचेच शिष्य, असं परंपरा मानते. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी शेख महंमदांना श्रीगोंद्यात मठ बांधून दिला, असंही सांगतात.

तो काळ सुखाचा नव्हता. 1630 ते 1632 या वर्षांत दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. 1636 मध्ये निजामशाही बुडाली. गावांवरून फौजा येत-जात होत्या. त्यानंतर अवघ्या नऊ वर्षांनी, म्हणजे 1645 मध्ये, शेख महंमदांचा 'योगसंग्राम' सिद्ध झाला. ग्रंथाच्या नावातच लढाई आहे, पण रणांगण मनाचं आहे. शत्रू आहेत ते काम, क्रोध, अहंकार. ढोंगी गुरू, आंधळे कर्मकांड, देवाच्या नावानं चाललेली हिंसा यांवर ते कडाडून टीका करतात. आणि हे सगळं ते ज्ञानेश्वरीच्या छंदात, ओवीत लिहितात.

त्या ग्रंथात ते स्वतःला 'अविंध' म्हणवून घेतात. मुसलमानासाठी हा त्या काळचा शब्द, बहुधा दुसऱ्यांनीच दिलेला. शेख महंमद तो लपवत नाहीत आणि त्याचं भांडवलही करत नाहीत. आपला जन्म, आपली भाषा आणि आपली साधना यांचा हिशेब ते लिहिता लिहिताच लावत जातात. मला वाटतं, मी कोण हे आधी ठरवून ते लिहायला बसले नसावेत. ओवीगणिक ते स्वतःला तपासत गेले असावेत.

हे मला माझ्या अनुभवावरून वाटतं. बी.ए.ला असताना मी चंद्र, तनहाई, शमा-परवाना अशा उसन्या शब्दांत कविता करायचो. वाहवा मिळायची, पण वहीत मी कुठेच नव्हतो. एकदा अम्मीवर लिहायला बसलो. आमच्या गावात पिठाची गिरणी होती, पण वीज गेली की अम्मी जातं मांडायची. ती नमाज अरबीत पढायची, आम्हाला दखनीत रागवायची आणि दळताना मात्र मराठीत ओव्या म्हणायची. माहेर, भाऊ, पाऊस, पंढरीची वाट, सगळं त्या ओव्यांत यायचं. ती कविता लिहीपर्यंत हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. लिहून झाली तेव्हा कळलं, माझं रडू कुठल्या भाषेत आहे ते. त्या दिवशी मी उसने शब्द खोडले.

पुढे वा. सी. बेंद्रे यांनी संपादित केलेला, 1961 सालचा शेख महंमदांचा कवितासंग्रह हाती आला. त्यात मराठीबरोबर हिंदुस्थानी रचनाही आहेत. एकाच माणसाची ही दोन्ही बोलणी वाचताना मला आमचं स्वयंपाकघर आठवलं.

अलीकडच्या वर्षांत श्रीगोंद्यातल्या त्यांच्या समाधीस्थानाला मंदिर म्हणायचं की दर्गा, यावरून वाद पेटला. दोन्ही बाजूंची माणसं त्यांच्यावर जीव टाकतात, म्हणूनच वाईट वाटतं. ज्यानं 'मी कोण' या प्रश्नासाठी अख्खा ग्रंथ खर्ची घातला, त्याला आपण एका पाटीत बसवू पाहतो. भांडण्याआधी दोन्हीकडच्या लोकांनी 'योगसंग्रामा'चं एक पान तरी एकत्र बसून वाचावं, एवढीच माझी विनंती.

आणि त्या रसिकांच्या प्रश्नाला आता माझ्याकडे साधं उत्तर आहे. मी म्हणतो, 'आमच्या घरी जातं होतं.'

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)