गिटारवादकाची एकोणीस इंची चौकट

एकोणीस इंच रुंदीच्या ज्या लोखंडी चौकटीला वादक ‘रॅक’ म्हणतात, तिचा जन्म संगीतासाठी झालेला नाही. अमेरिकेतील एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीने 1922च्या सुमारास आपल्या केंद्रांतील उपकरणे एकावर एक बसवता यावीत म्हणून हे माप ठरवून घेतले. दर्शनी पट्टी एकोणीस इंच रुंद आणि उंची पावणेदोन इंचांच्या पटीत, हा नियम नभोवाणी केंद्रांनी व ध्वनिमुद्रणगृहांनी पुढे जसाच्या तसा स्वीकारला. पावणेदोन इंचांच्या त्या एका घराला ‘यू’ म्हणतात. गिटारवादकाच्या हाती ही चौकट आली ती याच मार्गाने, म्हणजे ध्वनिमुद्रणगृहातून, आणि तिचे बहुतेक गुणदोष या वंशावळीतून आलेले आहेत.

1970च्या दशकात गिटारवादकाचा सरंजाम मर्यादित होता : निर्वात नळ्यांवर, म्हणजे ट्यूबवर, चालणारा एक अ‍ॅम्प आणि पायाशी मांडलेली चार-पाच पेडल. आवाज काही क्षणांनी पुन्हा ऐकवणारा डिले, तो दाट करणारा कोरस, सभागृहाचा भास निर्माण करणारा रिव्हर्ब यांची महागडी यंत्रे मात्र ध्वनिमुद्रणगृहाच्या नियंत्रणकक्षात असत आणि त्यांच्यावर अधिकार चाले तो ध्वनिमुद्रकाचा. टोनी अ‍ॅग्नेलो यांनी रचलेले इव्हेंटाइड कंपनीचे ‘एच910’ 1975मध्ये बाजारात आले आणि सूर वर-खाली सरकवण्याचे काम एका यंत्रात मावले. 1978चे लेक्सिकन 224 आणि 1980च्या दशकारंभीचे रोलँड, कॉर्ग यांचे डिजिटल डिले त्यापाठोपाठ आले. मुद्रित गाण्यात ऐकलेला आवाज वाजवतानाच मिळावा, ही गिटारवादकाची इच्छा या यंत्रांमुळे प्रथमच व्यवहार्य ठरली.

ही इच्छा सर्वाधिक तीव्र होती लॉस एंजेलिसमध्ये. स्टीव्ह ल्यूकाथर, मायकेल लँडाऊ, डॅन हफ यांच्यासारखे वादक दिवसाला एकाहून अधिक मुद्रणांवर, दर वेळी वेगळ्या निर्मात्यासाठी वाजवत, आणि मागितलेला कोणताही आवाज तत्काळ देता येणे हे त्यांच्या पोटापाण्याचे साधन होते. पेडलांची साखळी इथे अपुरी पडे, कारण बंद असलेल्या पेडलमधूनही संकेत जात राहतो व प्रत्येक टप्प्यावर त्याची धार थोडी बोथट होते. शिवाय गाण्याच्या मध्येच तीन पेडल बंद करून दोन चालू करायची तर पायांची कसरत करावी लागे. बॉब ब्रॅडशॉ या तंत्रज्ञाने प्रत्येक यंत्राला स्वतंत्र फेरा, म्हणजे ‘लूप’, दिला. विजेवर चालणाऱ्या रिले-स्विचमुळे नको असलेले यंत्र मार्गातून पूर्णपणे वगळले जाई, आणि कोणत्या गाण्यात कोणते फेरे हवेत हे पायाखालच्या एकाच पट्टीच्या स्मृतीत साठवलेले असे. त्याच्या ‘कस्टम ऑडिओ इलेक्ट्रॉनिक्स’ या व्यवसायातून बाहेर पडणारे रॅक इतके मोठे असत की वादक स्वतःच त्यांना ‘फ्रिज’ म्हणत. ते एका मुद्रणगृहातून दुसरीकडे पोहोचवण्यासाठी मालवाहतुकीचा वेगळा धंदा उभा राहिला, यावरून त्या व्यवस्थेमागे किती पैसा होता हे कळते.

1983मध्ये ‘मिडी’ हे मानक निश्चित झाले. पाच टाचण्यांच्या तारेतून एका यंत्राने दुसऱ्याला आज्ञा देण्याची ही पद्धत मुळात कीबोर्डसाठी होती. तिच्यातील 128 क्रमांकांच्या कार्यक्रम-बदलाच्या आज्ञेचा पुरेपूर फायदा मात्र गिटारवादकांनी उठवला. 1987च्या एडीए एमपी-1 या प्रीअ‍ॅम्पमध्ये, म्हणजे ध्वनीला आकार देणाऱ्या अ‍ॅम्पच्या पहिल्या भागात, खऱ्या ट्यूब होत्या, पण त्यांची मांडणी 128 स्मृतींमध्ये साठवता येई. मेसा/बूगीचा ट्रायअ‍ॅक्सिस व मार्शलचा जेएमपी-1 हे 1990च्या दशकारंभी आले आणि ‘फ्रिज’ परवडत नसलेल्या सामान्य बँडच्या आवाक्यात चार-सहा ‘यू’चा छोटा रॅक आला.

रॅकचा अस्त ‘निर्व्हाना’ या बँडने घडवला असे सर्रास सांगितले जाते, परंतु ते अर्धसत्य आहे. 1991च्या त्याच्या ‘नेव्हरमाइंड’ या अल्बमनंतर चकचकीत आवाज जुनाट वाटू लागला हे खरे, मात्र त्याच सुमारास खुद्द त्या बँडचा कर्ट कोबेन मंचावर मेसा/बूगीचा रॅकमधला प्रीअ‍ॅम्प आणि क्राउनचा पॉवर अ‍ॅम्प वापरत होता, हे सांगायचे राहून जाते. वजन, किंमत आणि संगणकावरील घरगुती ध्वनिमुद्रणाने आटवलेले मुद्रणगृहांचे काम ही कारणे अधिक वजनदार आहेत. 1998मध्ये आलेल्या लाइन 6च्या ‘पॉड’ने अनेक अ‍ॅम्पचे आवाज छोट्याशा खोक्यात आणले आणि जुने रॅक माळ्यावर गेले.

भारतात या साऱ्याची झळ फारशी पोहोचली नाही. मुंबईत 1984मध्ये ‘रॉक मशीन’ हा बँड उभा राहिला, 1986पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव भरू लागला, पण आयात परवाने आणि जबर जकात यांच्या त्या काळात परदेशी यंत्रे हौशी बँडला परवडणे अवघड होते. आज जॅम रूममध्ये दिसणारे जुने रॅक बहुधा सेकंडहँड आलेले असतात, आणि त्यांची पहिली अडचण असते विजेची. अमेरिकन यंत्र 120 व्होल्टचे, जपानच्या देशांतर्गत बाजारातले 100 व्होल्टचे आणि भिंतीत 230 व्होल्ट. मागच्या पट्टीवरचा आकडा न वाचता प्लग लावला की यंत्राचा वीजपुरवठा जळण्याची भीती असते.

दुरुस्तीचा उरलेला भाग गूढ नाही, चिकाटीचा आहे. अशा अनेक यंत्रांत स्मृती टिकवणारा लिथियमचा बटन-सेल मुख्य पट्टीवर डाग देऊन बसवलेला असतो. तो संपला की साठवलेले आवाज पुसले जातात किंवा पडद्यावर निरर्थक अक्षरे उमटतात. म्हणून सेल जिवंत असेपर्यंत मिडीवाटे सर्व आवाज संगणकात उतरवून घेणे शहाणपणाचे. वीजपुरवठ्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तीस-चाळीस वर्षांत सुकतात आणि घुमणारी गुणगुण सुरू होते. हे कपॅसिटर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आजही सहज मिळतात. आवाज अधूनमधून गडप होत असेल, तर चिप बदलण्याआधी मागच्या लूपच्या जॅककडे पाहावे : त्यात तार नसताना संकेत पुढे नेणारी पितळी पट्टी गंजते आणि क्लीनरचा एक फवारा बरेचदा पुरतो. अर्थिंगमुळे येणारी गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची टाचणी तोडण्याची वाईट चाल अनेक ठिकाणी दिसते. ती जिवावर बेतू शकते, आणि ध्वनीच्या तारेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावणे हाच त्यावरचा योग्य इलाज आहे. ट्यूबच्या पॉवर अ‍ॅम्पमध्ये तर प्लग काढल्यावरही कपॅसिटरांत शेकडो व्होल्ट शिल्लक राहू शकतात, त्यामुळे त्याचे झाकण जाणकारानेच उघडावे.

यंत्र चालू झाले तरी आवाज मिळेलच असे नाही, आणि अनेकांचा रॅकवरचा राग इथून सुरू होतो. ही यंत्रे मुद्रणगृहाच्या पातळीसाठी घडवलेली होती. तेथील ‘अधिक चार’ ही पातळी सुमारे 1.23 व्होल्टची, घरगुती उपकरणांची ‘उणे दहा’ सुमारे 0.32 व्होल्टची, तर गिटारचा संकेत बहुतेक वेळ त्याहूनही क्षीण असतो. क्षीण संकेत थेट जुन्या डिजिटल डिलेत घातला, तर त्याच्या मोजक्या बिटांपैकी थोडेच बिट वापरले जातात आणि सुरापेक्षा खरखर जास्त ऐकू येते. डिले व रिव्हर्ब प्रीअ‍ॅम्पनंतर जोडणे, मागचा पातळीचा स्विच तपासणे आणि दर्शनी पट्टीवरचा लाल दिवा जोरदार आघातालाच क्षणभर लागेल इतपत आवक वाढवणे, एवढे केल्यावर तेच यंत्र ओळखू येत नाही. कॉर्ग एसडीडी-3000च्या आवक-जावक बाजूंच्या तीन पायऱ्यांच्या स्विचमागे हाच हिशेब होता. ‘यू2’ या बँडच्या द एजने त्या डिलेचा प्रीअ‍ॅम्प आवाज खुलवण्यासाठीही वापरला, आणि 2014मध्ये कॉर्गने त्याचे पेडल काढले तेव्हा डिलेबरोबर तो प्रीअ‍ॅम्पही त्यात आणला.

पुनरुज्जीवन कोणाचे करावे, याचा निवाडा शेवटी सुट्या भागांवर होतो. ट्यूब रशिया, स्लोव्हाकिया व चीनमध्ये अजून बनतात. अ‍ॅनालॉग डिलेतील पॅनासॉनिकच्या, उत्पादन बंद झालेल्या चिपना इतरांनी पर्याय काढले आहेत. कंपनीने फक्त स्वतःसाठी घडवून घेतलेली डिजिटल चिप जळाली, तर मात्र ते यंत्र दुरुस्तीसाठी नव्हे, तर दुसऱ्या यंत्राच्या सुट्या भागांसाठीच विकत घ्यावे.