पपनस, विषाणू आणि परकें मूत्रपिंड

मालवणच्या किनाऱ्यावर गणेशचतुर्थीला देवावर माटवी बांधतात. तींत नारळ-सुपारीसोबत पपनसही लोंबत असतें. मूत्रपिंडाचें प्रत्यारोपण झालेल्या माणसाला मात्र हें फळ वर्ज्य असतें. या निषेधामागें एक मोठा इतिहास आहे.

भारतांत मूत्रपिंड-प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९६५ सालीं झाला. यश आलें तें वेल्लोर येथें, १९७१ सालीं. शस्त्रक्रिया साधली तरी शरीर परक्या इंद्रियास सहजीं थारा देत नाहीं. हा विरोध शमविणारें टॅक्रोलिमस हें औषध जपानांतील त्सुकुबा पर्वताजवळच्या मातींतील जंतूपासून १९८४ सालीं हातीं आलें. परंतु विरोध शमला कीं शरीराचे पहारेकरीही निजतात व विषाणूंचें फावतें. मग विषाणूनाशक औषध देणें भाग पडतें, आणि तेथेंच पेंच उद्भवतो.

टॅक्रोलिमसचा निचरा यकृत व आंतडीं यांतील एक विकर करतें. १९८९ सालीं कॅनडांत असें आढळलें कीं, ग्रेपफ्रूटच्या रसासोबत घेतलेल्या एका औषधाचें रक्तांतील प्रमाण बेसुमार वाढतें. रसानें आंतड्यांतील हेंच विकर निकामी होतें, हें पुढें उलगडलें. पपनस त्याच कुळांतलें. १९९६ सालीं एड्सवर आलेलें रिटोनाविर तर या विकरास पुरतें जखडून टाकतें. रोज दोनदां घ्यावयाचें टॅक्रोलिमस त्याच्या संगतींत कांहीं रोग्यांना आठवड्यांतून एकदांच, तेंही अत्यल्प, पुरतें. नेहमींची मात्रा चालू ठेवली, तर ज्या मूत्रपिंडासाठीं हा सारा खटाटोप, तेंच जायबंदी होतें. भयानें औषध सोडून दिलें, तर शरीर तें झिडकारतें. डिसेंबर २०२१ मध्यें अमेरिकेनें कोविडवरील निर्माट्रेल्विर तातडीच्या वापरास मंजूर केलें, तेंही रिटोनाविरच्याच जोडीनें. आणि जुना पेंच नव्यानें उभा राहिला.

त्यावर उपाय आहे. रक्तांतील टॅक्रोलिमसचें प्रमाण मोजावें, त्याप्रमाणें मात्रा घटवावी वा थांबवावी, आणि रिटोनाविर संपल्यावर पुन्हां मोजून ती पूर्ववत् करावी. मात्र हें ज्याचें त्यानें अंदाजानें करावयाचें नव्हे. प्रत्यारोपण मोठ्या शहरीं होतें. ताप मात्र मालवण-वेंगुर्ल्याच्या घरीं येतो. अशा वेळीं रोग्याजवळील औषधांची यादी गांवच्या वैद्यानें पाहणें व शहरांतल्या तज्ज्ञास विचारणें, यावरच त्या उसन्या मूत्रपिंडाचें आयुष्य अवलंबून असतें.