सोनं पळाल्यावर आलेली आगगाडी

अलास्कातल्या स्कॅगवे गावाहून उन्हाळ्यात व्हाइट पासची आगगाडी सुटते. रूळ जेमतेम तीन फुटी. समुद्रकाठावरून निघून साधारण ३२ किलोमीटरांत ती सुमारे ८७० मीटर वर चढते. कडे, धबधबे, बोगदे... फोटोवाल्यांची चंगळ! पण ही रेल्वे तिथे मुळात आली कशाला, ती गोष्ट जास्त भारी आहे.

ऑगस्ट १८९६. कॅनडाच्या युकॉन भागात, क्लोंडाइक नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यात सोनं सापडलं. सापडलं ते स्कूकम जिम आणि डॉसन चार्ली हे तिथले आदिवासी आणि त्यांचा गोरा सोयरा जॉर्ज कारमॅक यांना. शोधाचा मान कागदोपत्री मिळाला कारमॅकला. बातमी बाहेर पोचायला जवळजवळ वर्ष लागलं. जुलै १८९७ मध्ये सोनं घेऊन जहाजं सॅन फ्रान्सिस्को आणि सिएटलला लागली आणि लोक अक्षरशः वेडे झाले. अंदाजे लाखभर माणसं निघाली. डॉसनला पोचली ३० ते ४० हजार.

बाकीच्यांचं काय झालं? तर वर्षभराचं सामान सोबत हवं. पुढे कॅनडाच्या पोलिसांनी तसा नियमच केला. म्हणजे माणशी साधारण एक टन ओझं! थोडं वर न्यायचं, ठेवायचं, पुन्हा खाली यायचं. ज्यांच्याकडे घोडे होते ते व्हाइट पासने गेले. चिखल, अणकुचीदार दगड, अति ओझं, उपासमार... त्या वाटेवर सुमारे ३००० घोडे मेले. तिचं नावच पडलं 'मेलेल्या घोड्यांची वाट'.

यावर उपाय म्हणून मे १८९८ मध्ये रेल्वेचं काम सुरू झालं. पैसा ब्रिटिशांचा, कंत्राटदार मायकेल हेनी. मजूर दोराला लटकून ग्रॅनाइटच्या कड्यात सुरुंग लावत. फेब्रुवारी १८९९ मध्ये गाडी माथ्यावर पोचली, जुलै १९०० मध्ये व्हाइटहॉर्सपर्यंतचा १७७ किलोमीटरचा मार्ग पुरा झाला.

आणि सोनं? १८९९ च्या उन्हाळ्यातच नोमच्या सोन्याची बातमी आली आणि हजारो लोक डॉसन सोडून तिकडे पळाले. आमच्या धंद्यातली नेहमीची गोष्ट... प्रॉडक्ट तयार, युजर गायब!

रेल्वे मात्र टिकली. खाणींचा माल वाहत राहिली, १९८२ मध्ये धातूंचे भाव पडल्यावर बंद झाली आणि १९८८ मध्ये पर्यटकांसाठी पुन्हा सुरू झाली. कधी गेलात, तर माथ्याच्या अलीकडे खिडकीतून नीट बघा. रुळांजवळच ती जुनी पायवाट अजून दिसते. हातभर रुंद असेल-नसेल. त्या ३००० घोड्यांना सोन्याशी काय देणंघेणं होतं?