मेंढ्यांपासून सुरू झालेली सोयाची भीती

‘ब्रेस्ट कॅन्सर झालाय ना, मग सोया एकदम बंद!’ हा सल्ला गेल्या वर्षभरात मी वेरिबीतल्या तीन वेगवेगळ्या घरांत ऐकला. देणारी कधी सोलापूरची मावशी असते, कधी फॅमिली ग्रुपवरचा फॉरवर्ड. ज्यांना तो दिला जातो त्या काकू शाकाहारी. केमोमुळे तोंडाची चव गेलेली, वरण बघूनही नको वाटतं. त्यात टोफू आणि सोया चंक्सही काढून घेतले तर ताटात प्रोटीन म्हणून उरतं काय? म्हणून हा सल्ला आला कुठून ते शोधायला बसले. माग सोलापूरला गेलाच नाही. तो निघाला इथेच, ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांच्या कुरणात.

१९४० च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्यांच्या लक्षात आलं की धडधाकट दिसणाऱ्या मेंढ्या गाभण राहत नाहीयेत. राहिल्या तर वितीना अडतात, कोकरं मरतात. खच्ची केलेल्या नरांना चक्क दूध येत होतं. बेनेट्स, अंडरवुड आणि शायर या तिघांनी १९४६ साली यावर शोधनिबंध लिहिला आणि बोट दाखवलं ते सबटरेनियन क्लोव्हर या चाऱ्याकडे, त्यातही त्याच्या ड्वालगानप नावाच्या वाणाकडे. या चाऱ्यात इस्ट्रोजेनसारखं वागणारं काहीतरी होतं. १९५१ मध्ये त्यातून जेनिस्टीन वेगळं काढण्यात आलं आणि सगळ्यांना वाटलं, सापडला चोर. पुढे कळलं की खरा उपद्रव फॉर्मोनोनेटिन नावाच्या दुसऱ्याच रेणूचा होता. मेंढीच्या पोटातले जंतू त्याचं इक्वॉल बनवतात, आणि मेंढीवर परिणाम करतं ते इक्वॉल. (इक्वॉल हे नाव घोड्यावरून आलंय. १९३२ मध्ये ते पहिल्यांदा सापडलं गाभण घोडीच्या मुतात.)

चोर दुसराच निघाला, पण जेनिस्टीनच्या नावावर लागलेला डाग काही गेला नाही. आणि जेनिस्टीन भरपूर असतं सोयाबीनमध्ये.

इथे प्रमाणाचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या मेंढ्या महिनोन् महिने जवळजवळ फक्त क्लोव्हर खात होत्या. आपल्याकडे सोयाप्रेमी माणूससुद्धा दिवसाला एखादा ग्लास सोया दूध किंवा शंभरेक ग्रॅम टोफू खातो, म्हणजे ढोबळमानाने २५ मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन.

महाराष्ट्रात सोयाबीन आलं ते स्वस्त प्रोटीन म्हणून. १९३५ मध्ये गांधीजींनी वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीनचे प्रयोग केले आणि ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिलं. पुढच्याच वर्षी बडोदा संस्थानच्या छापखान्यातून एफ. एस. काळे यांचं सोयाबीनवरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक निघालं, लागवडीपासून पाककृतींपर्यंत सगळं असलेलं. हॉर्मोनची चर्चा तेव्हा कुणाच्या गावीही नव्हती. नंतर मराठवाडा-विदर्भात सोयाबीन पसरलं खरं, पण ते चाललं तेलाच्या घाण्यांकडे, उरलेली पेंड जनावरांच्या खाद्याकडे. ताटात आलं ते फार थोडं. जाता जाता: रिफाइंड सोया तेलात आयसोफ्लेव्होन जवळजवळ नसतात. तेव्हा या भीतीपोटी तेलाची बाटली फेकून देण्यात काहीच अर्थ नाही.

१९९० च्या दशकात तर गंमतच झाली. सोया एकाच वेळी औषधही ठरलं आणि विषही. १९९९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने सोया प्रोटीनच्या पाकिटांवर ‘हृदयासाठी चांगलं’ अशा अर्थाचा दावा छापायला परवानगी दिली. सिडनीच्या नोव्होजेन कंपनीने रेड क्लोव्हरच्या गोळ्या रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी विकायला काढल्या. त्यात फॉर्मोनोनेटिन होतंच, मेंढ्यांना नडलेलं तेच! आमच्या वेरिबीतही, व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवर, त्सांगालिस, नगेंद्र शाह आणि सहकाऱ्यांनी सोया दुधात बिफिडोबॅक्टेरिया वाढवले आणि साखरेला जोडलेले आयसोफ्लेव्होन ते कसे मोकळे करतात ते २००२ मध्ये दाखवलं. म्हणजे सोयाचं शरीरात काय होणार हे पोटातल्या जंतूंवरही ठरतं. सोया खाल्ल्यावर इक्वॉलसुद्धा सगळ्यांच्या पोटात तयार होत नाही.

भीतीला खरा जोर मिळाला १९९८ मध्ये. अमेरिकेत बिल हेल्फरिच यांच्या गटाने अंडाशय काढलेल्या, प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांमध्ये माणसाच्या स्तनाच्या कॅन्सरच्या एमसीएफ-७ पेशी रुजवल्या आणि त्यांना जेनिस्टीन दिलं. गाठी वाढल्या. प्रयोग चोख होता, आणि त्यानंतर डॉक्टरांनी ‘नकोच ते’ म्हणणं मला समजू शकतं. पण उंदराच्या रक्तात मोकळं, क्रियाशील जेनिस्टीन माणसापेक्षा कितीतरी जास्त राहतं. शिवाय इस्ट्रोजेनचा बीटा रिसेप्टर १९९६ मध्येच सापडला होता आणि जेनिस्टीन मुख्यतः त्यालाच चिकटतं. गाठ वाढवण्याचं काम मुख्यतः अल्फा करतो.

मग प्रत्यक्ष आजारी बायकांकडे कुणी पाहिलं का? पाहिलं, शांघायमध्ये. स्तनाच्या कॅन्सरवर उपचार झालेल्या ५,०४२ जणींचा अभ्यास डिसेंबर २००९ मध्ये ‘जामा’त आला. सगळ्यात जास्त सोया खाणाऱ्या गटात मृत्यूचा धोका सगळ्यात कमी खाणाऱ्यांपेक्षा २९ टक्क्यांनी आणि कॅन्सर उलटण्याचा ३२ टक्क्यांनी कमी होता. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बायकांमध्येही सोयामुळे नुकसान दिसलं नाही. २०१२ मध्ये अमेरिका आणि चीनमधल्या ९,५१४ जणींची माहिती एकत्र केली तेव्हाही कॅन्सर उलटण्याचं प्रमाण सोया खाणाऱ्यांमध्ये कमीच निघालं.

याचा अर्थ सोया औषध आहे असा मी लावणार नाही. हे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. टोफू खाणारी बाई कदाचित चालतेही जास्त, भाज्याही जास्त खाते. शांघायच्या बायका तर लहानपणापासून सोया खात आलेल्या, आणि आपल्या काकूंनी चाळिशीनंतर सुरू केलेलं. पण ‘सोयाने कॅन्सर उलटतो’ या दाव्याला माणसांमधल्या आकडेवारीचा आधार मिळत नाही, एवढं मी ठामपणे म्हणेन.

पावडर आणि गोळ्यांचं प्रकरण मात्र वेगळं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये १४० रुग्णांना ऑपरेशनआधीच्या दिवसांत सोया प्रोटीन किंवा दुधाची पावडर दिली होती. २०१४ मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार, सोया घेतलेल्या आणि रक्तात जेनिस्टीन खूप वाढलेल्या काही जणींच्या गाठीत पेशींच्या वाढीशी संबंधित जनुकं जास्त सक्रिय झालेली दिसली. गाठी प्रत्यक्षात वाढल्या असं काही दिसलं नाही, पण डोळ्यांआड करण्यासारखी ही गोष्ट नाही. कॅन्सर कौन्सिल ऑस्ट्रेलियाही आहारातल्या मध्यम प्रमाणातल्या सोयाकडे आणि आयसोफ्लेव्होनच्या गोळ्यांकडे वेगवेगळ्या नजरेने बघते.

त्या तीन घरांपैकी एका घरात आता आठवड्यातून दोनदा टोफूची भुर्जी होते, ऑन्कॉलॉजीच्या डाएटिशियनला विचारून, कांदा-टोमॅटो घालून. मावशींचे फॉरवर्ड अजून येतात.